एकवारिके व बहुवारिके : संकल्पनेचा इतिहास

एकाच प्रकारचे अथवा एकमेकांशी रचनासाम्य असलेले अनेक लहान रेणू रासायनिक बंधांनी ओळीने जोडले जाऊन जो महारेणू बनतो त्यास बहुवारिक (पॉलिमर) आणि त्याच्या घटक-रेणूस एकवारिक (मोनोमर) म्हणतात. मूळ संज्ञांतील ‘मेरॉस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘भाग’ असा आहे. मराठी संज्ञांचा गाभा मात्र ‘एकवार’, ‘बहुवार’ यांतील ‘वार’ म्हणजे खेप हा असून त्यामुळे घटकाच्या पुनरावृत्तीवर भर पडतो. ग्लुकोज या एकवारिकापासून स्टार्च, सेल्युलोज व ग्लायकोजेन, ॲमिनो अम्लांपासून प्रथिने आणि न्यूक्लिओटाइडांपासून न्यूक्लिइक अम्ले तयार होतात. सजीवांत हे घटक जोडले जाताना प्रत्येक सांध्यागणिक, निव्वळ हिशेबाने पाहता, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. उलट सांध्याशी पाण्याचा संयोग झाल्यास (जलीय विच्छेदन) शृंखला तुटून मूळ घटक परत मिळतात. अन्नाचे पचन ही मुख्यतः अशीच क्रिया होय. मेद हे याच पंक्तीत बसविण्याचा प्रघात पाठ्यपुस्तकांत आढळतो, पण तो योग्य नाही. ग्लिसरॉल व मेदाम्ले यांच्या संयोगाने मेदाचा रेणू बनत असला, तरी त्यात एकाच घटकाची लांबच लांब शृंखला नसते.

आज शाळेत शिकविली जाणारी ही माहिती सु. १९३० पर्यंत बहुतेक नामवंत रसायनशास्त्रज्ञांना मान्य नव्हती. स्टार्च, रबर, रेशीम, कापूस व प्रथिने हे पदार्थ विच्छेदनाने लहान रेणू देतात, हे त्यापूर्वी शंभर वर्षे ठाऊक होते. वाद होता तो हे लहान रेणू एकमेकांना कशाने धरून ठेवतात याविषयी.

स्टार्च व सेल्युलोज : पुण्याच्या सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळाच्या दप्तरखान्यात हे दोन्ही पदार्थ एकाच वस्तूत एकत्र पाहावयास मिळतात. वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी स्थापन केलेल्या या मंडळाच्या संग्रहात मोडी लिपीतील लाखो कागदपत्रे आहेत. मराठेशाहीतील लिखाण प्रामुख्याने हातकागदावर होई व त्यासाठी जुन्नर आणि दौलताबाद येथील कागद प्रसिद्ध होता. जुने दोरखंड, गोणपाट, चिंध्या यांसारखा तंतुमय माल चुन्याच्या पाण्यात भिजवून, कुटून त्याचा लगदा करीत. त्यापासून उचललेल्या तावास तांदळाची अथवा गव्हाची खळ देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटीत. लगद्यातील तंतू म्हणजे सेल्युलोज आणि खळ म्हणजे स्टार्च. खळीमुळे तावातील सूक्ष्म छिद्रे बुजतात व शाई फुटत नाही.

या दोन्ही पदार्थांचा एकवारिक एकच, तो म्हणजे ग्लुकोज. फरक आहे तो केवळ सांध्याच्या दिशेत. ग्लुकोजाच्या वलयातील पहिल्या कार्बन अणूवरील ऑक्सिजन वलयाच्या प्रतलाच्या ज्या बाजूस असेल त्यावरून सांधा आल्फा किंवा बीटा ठरतो. स्टार्चात आल्फा सांधे असल्याने शृंखला मळसूत्रासारखी वळते. तिच्यात पाणी सहज शिरते व आयोडीन अडकून निळा रंग येतो. सेल्युलोजातील बीटा सांध्यांमुळे लागोपाठची वलये आलटून पालटून उलटी बसतात, शृंखला सरळ राहते आणि शेजारच्या शृंखलांशी हायड्रोजन बंधांनी इतकी घट्ट बांधली जाते की, पाणी तिला विरघळवू शकत नाही. मानवाच्या लाळेतील ॲमिलेज या एंझाइमाला (जीवरासायनिक विक्रियांत उत्प्रेरकाचे काम करणाऱ्या प्रथिनाला) आल्फा सांधा तोडता येतो, बीटा येत नाही. म्हणूनच तांदळाची पेज पचते आणि धोतराचे सूत पचत नाही. जुन्या पोथ्यांना लागणारी कसरही खळीच्या ओढीने कागदाकडे येते. वाळवीची गोष्ट वेगळी. तिच्या आतड्यातील सूक्ष्मजीव सेल्युलोज तोडू शकत असल्याने ती तंतूंसह सर्व काही फस्त करते.

स्टार्चापासून साखर होते, हे जी. एस. सी. किर्खहोफ यांनी १८११ मध्ये सेंट पीटर्झबर्ग येथे दाखविले. त्यांनी स्टार्च सौम्य सल्फ्यूरिक अम्लाबरोबर उकळले. अम्ल विक्रियेत खर्ची पडत नाही, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. फ्रान्समध्ये आंरी ब्राकॉनो यांनी १८१९ मध्ये लाकडाचा भुसा व तागाच्या चिंध्या यांपासून अम्लाच्याच साहाय्याने साखर मिळविली आणि पुढच्याच वर्षी तो प्रयोग जिलेटिनावर केला. मिळालेला स्फटिकी पदार्थ गोड लागला म्हणून त्यांनी तोही साखरच मानला. प्रत्यक्षात ते ग्लायसीन हे ॲमिनो अम्ल होते. अशा रीतीने कार्बोहायड्रेटे व प्रथिने या दोन्ही वर्गांचे घटक एकाच माणसाच्या हाती, एकाच युक्तीने, दोन वर्षांत आले. त्या दोहोंतील साम्याचा अर्थ लागण्यास मात्र आणखी शंभर वर्षे जावी लागली. आंसेल्म पायेन यांनी १८३८ मध्ये वनस्पतींच्या कोशिकाभित्तींतील (पेशींच्या भिंतींतील) समान द्रव्य वेगळे केले. त्यालाच सेल्युलोज हे नाव मिळाले. त्याची शेकडा घटना स्टार्चासारखीच भरली.

यन्स याकॉप बर्झीलियस यांनी १८३० नंतरच्या काही वर्षांत ‘पॉलिमरिक’ हा शब्द प्रचारात आणला. मात्र मूलद्रव्यांचे प्रमाण तेच, पण रेणुभार पटीत, एवढाच त्याचा त्या वेळचा अर्थ होता. त्यात शृंखलेची कल्पना नव्हती आणि असणे शक्यही नव्हते. कार्बनाचे अणू एकमेकांशी जोडले जाऊ शकतात, हेच मुळी आउगुस्ट केकूले यांनी १८५८ साली मांडले. केकूले यांनी १८७७ मध्ये बॉन येथील भाषणात सजीवांतील द्रव्यांचे रेणू प्रचंड मोठ्या जाळ्यांसारखे असावेत, असा तर्क केला. पण तो तर्कच राहिला.

कलिलांचा काळ : टॉमस ग्रॅहम यांनी १८६१ मध्ये पदार्थांचे दोन गट पाडले. मीठ व साखर यांसारखे पदार्थ पाण्यात विरघळून पातळ पडद्यातून पलीकडे जातात व स्फटिकरूप धारण करतात. डिंक, सरस, स्टार्च हे पडद्यातून जात नाहीत. त्यांना ग्रॅहम यांनी कलिले म्हटले. पुढे सोन्याचेही कलिल तयार करता आले. त्यामुळे कलिल ही पदार्थाची जात नसून लहान कणांच्या पुंजक्यांची अवस्था आहे, असे मत दृढ झाले. या पुंजक्यांना वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांच्यापासून ‘मायसेल’ हे नाव होते आणि ते त्यांनी स्टार्च व सेल्युलोज यांच्या अभ्यासातूनच दिले होते.

या मतामागे दुराग्रह होता असे म्हणता येत नाही. त्या काळच्या कार्बनी रसायनशास्त्राची सारी प्रतिष्ठा शुद्धतेवर उभी होती. निश्चित वितळबिंदू, स्फटिक, ठरावीक रेणुभार ही संयुगाची ओळख होती. रबर किंवा सेल्युलोज यांना यांपैकी काहीच नव्हते. तर्षण दाबावरून किंवा गोठणबिंदू खाली येण्यावरून रबराचे व स्टार्चाचे रेणुभार हजारोंत येत, तेव्हा चूक पदार्थात नसून हे नियम कलिलांना लागू पडत नाहीत, असा निष्कर्ष काढला जाई. कार्ल हॅरीस यांच्या मते रबर म्हणजे आयसोप्रीनापासून बनलेल्या लहान वलयांचा समूह होता व ही वलये दुहेरी बंधांच्या उरलेल्या ओढीने एकत्र राहत. क्ष-किरण विवर्तनाने आणखी एक आक्षेप पुढे आला. सेल्युलोजाच्या स्फटिकातील एकक कोष्ठिका (पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा) अगदी लहान भरली आणि रेणू कोष्ठिकेहून मोठा असू शकत नाही, असे गृहीत धरले गेले. हे गृहीतच चुकीचे होते. एकच शृंखला अनेक कोष्ठिकांतून आरपार जाऊ शकते.

एमील फिशर यांनी प्रथिनांतील ॲमिनो अम्ले पेप्टाइड बंधाने जोडलेली असतात, हे १९०२ साली मांडले. त्याच वर्षी, त्याच परिषदेत, फ्रांट्‌स होफमाइस्टर यांनीही स्वतंत्रपणे तेच प्रतिपादन केले. १९०७ पर्यंत फिशर यांनी १५ ग्लायसीन व ३ ल्यूसीन अशा १८ घटकांची शृंखला प्रयोगशाळेत जोडून दाखविली. बहुवारिकाचे गमक हाती असूनही प्रथिनांचा रेणुभार ५,००० च्या फार पुढे जात असेल, हे त्यांना पटत नव्हते.

हेर्मान श्टाउडिंगर (१८८१–१९६५) यांनी १९२० मधील आपल्या निबंधात रबर व तत्सम पदार्थ नेहमीच्या सहसंयुजी बंधांनी जोडलेल्या लांब शृंखला आहेत, असे प्रतिपादन केले. ‘महारेणू’ या अर्थाचा शब्द त्यांनी १९२२ मध्ये वापरला. त्यांचा निर्णायक प्रयोग साधा होता. रबरातील लहान वलये दुहेरी बंधांच्या ओढीने एकत्र राहत असतील, तर हायड्रोजन देऊन ते बंध नाहीसे केल्यावर पुंजके सुटून ऊर्ध्वपातन होऊ शकणारा हलका हायड्रोकार्बन मिळावयास हवा. हायड्रोजनयुक्त रबर पूर्वीइतकेच चिवट व कलिलरूप राहिले. पुढे सेल्युलोजाचे ॲसिटेटात व ॲसिटेटाचे पुन्हा सेल्युलोजात रूपांतर करूनही शृंखलेची लांबी तीच राहते, हे त्यांनी दाखविले. केवळ ओढीने जमलेला पुंजका अशा दोन रासायनिक उलथापालथींतून जसाच्या तसा बाहेर पडणे संभवत नाही. तरीही १९२६ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथील बैठकीत त्यांना प्रखर विरोध झाला. नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ हाइन्रिख व्हीलांट यांनी तर महारेणूंची कल्पना सोडा व रबर नीट शुद्ध करा, ते आपोआप स्फटिकरूपात येईल, असा स्नेहाचा सल्ला दिल्याचे श्टाउडिंगर यांनी नमूद केले आहे. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ साली.

दरम्यान टेओडोर स्व्हेडबॅरी यांनी अतिवेगी अपकेंद्रित्राच्या साहाय्याने हीमोग्लोबिनाचा रेणुभार सु. ६७,००० असल्याचे दाखविले व एका प्रथिनाचे सर्व रेणू सारख्याच वजनाचे असतात, हेही सिद्ध केले. पुंजक्यांना असा नेमकेपणा असत नाही. कुर्ट मायर व हेर्मान मार्क यांनी १९२८ मध्ये क्ष-किरणांचाच आधार घेऊन सेल्युलोजाची शृंखलारचना मांडली. डब्ल्यू. एन. हॅवर्थ यांच्या शर्करांवरील संशोधनाने सांध्यांचे स्वरूप निश्चित झाले. वॉलेस कॅरोदर्स यांनी उलट बाजूने सुरुवात केली. दोन्ही टोकांना विक्रियाशील गट असलेले ज्ञात रेणू ज्ञात विक्रियांनी जोडीत गेल्यास लांब शृंखला मिळालीच पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी मिळालेले नायलॉन हे त्याचेच फलित होय. त्यातील सांधा प्रथिनातील पेप्टाइड बंधासारखाच आहे.

पुण्यातील संशोधन : सदाशिव पेठेतच १९१६ मध्ये शिक्षण प्रसारक मंडळीने न्यू पूना कॉलेज सुरू केले; पुढे जमखंडीचे अधिपती सर परशुरामभाऊ पटवर्धन यांचे नाव त्यास देण्यात आले. तेथील महाराजा प्रतापसिंह रासायनिक प्रयोगशाळेत बी. व्ही. भिडे, एन. एल. फळणीकर आदींनी सँटोनिनासारख्या नैसर्गिक संयुगांच्या संश्लेषणाचा पाठपुरावा केला. हे रसायनशास्त्र लहान, शुद्ध, स्फटिकी रेणूंचे होते. त्या काळी भारतातील बहुतेक विद्यापीठीय संशोधनाची चौकट हीच होती.

बहुवारिकांना पुण्यात घर मिळाले ते शहराबाहेर पाषाण येथे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला मुंबई राज्याचे तत्कालीन पंतप्रधान बा. गं. खेर यांनी ६ एप्रिल १९४७ रोजी बसविली व ३ जानेवारी १९५० रोजी जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. प्रयोगशाळेचे पहिले संचालक जेम्स विल्यम मॅक्बेन (१८८२–१९५३) हे कलिल रसायनशास्त्रातील अधिकारी पुरुष. साबणाच्या विद्रावातील रेणू विशिष्ट संहतीच्या (विद्रावातील प्रमाणाच्या) वर आपोआप गोळा होऊन कलिलरूप पुंजके बनवितात, ही गोष्ट त्यांनी १९१३ च्या सुमारास मांडली आणि या पुंजक्यांसाठी नेगेली यांचाच ‘मायसेल’ हा शब्द उचलला. श्टाउडिंगर यांच्या विरोधकांनी रबर व सेल्युलोज यांबद्दल जे म्हटले ते तेथे खोटे ठरले, तर साबणाबद्दल ते खरे होते. साबणाचे पाणी विरळ केले की पुंजके विखुरतात. सेल्युलोजाची शृंखला कितीही विरळ विद्रावात अखंड राहते. दोन्ही प्रकारची कलिले असतात, हे एकदा स्पष्ट झाल्यावर वादाचा आवेश ओसरला. मॅक्बेन १९५२ पर्यंत संचालकपदी होते. पुढे याच प्रयोगशाळेत बहुवारिक रसायनशास्त्र व अभियांत्रिकी ही मोठी शाखा वाढली. १९७६ मध्ये रुजू झालेले व १९८९ ते १९९५ या काळात संचालक असलेले रघुनाथ अनंत माशेलकर यांचे मुख्य कार्य बहुवारिकांचे प्रवाहगुण व पाणी शोषून फुगणारी जेले यांवरचे आहे. प्रयोगशाळेने विकसित केलेले ‘जलशक्ती’ हे स्टार्चावर आधारलेले, स्वतःच्या वजनाच्या अनेक पट पाणी धरून ठेवणारे बहुवारिक कोरडवाहू शेतीसाठी वापरून पाहण्यात आले. त्यात निसर्गाने बनविलेली शृंखला आणि कारखान्यात तीवर चढविलेली शृंखला एकत्र आहेत.

पुण्यात जन्मलेले वसंत रणछोड गोवारीकर (१९३३–२०१५) यांनी थुंबा येथे अग्निबाणांच्या घन इंधनावर काम केले. अशा इंधनात ज्वलनास ऑक्सिजन पुरविणारा क्षार व ॲल्युमिनियमाची भुकटी बांधून ठेवणारे द्रव्य हेच जळणही असते. ब्यूटाडाइन या एकवारिकाच्या आखूड, द्रवरूप शृंखलांच्या टोकांना हायड्रॉक्सिल गट ठेवून त्या साच्यात ओतल्यावर आडव्या सांध्यांनी जोडल्या की रबरासारखा घट्ट ठोकळा मिळतो. पीएसएलव्ही या भारतीय अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात याच प्रकारचे इंधन आहे. गोवारीकर यांनी विश्वनाथन व श्रीधर यांच्याबरोबर लिहिलेले बहुवारिक-विज्ञानावरील इंग्रजी पाठ्यपुस्तक (१९८६) भारतीय विद्यापीठांतून दीर्घकाळ वापरले गेले आहे.

क्रमाचे महत्त्व : नायलॉन व स्टार्च यांमध्ये एकदोन घटकांचीच पुनरावृत्ती असते, म्हणून त्यांत ‘वाचण्याजोगे’ काही नसते. प्रथिने व न्यूक्लिइक अम्ले यांची गोष्ट निराळी आहे. प्रथिनांत वीस प्रकारची ॲमिनो अम्ले येतात. शंभर घटकांच्या शृंखलेत ती २०¹⁰⁰ प्रकारे मांडता येतील. सजीवाने यांतील नेमका एक क्रम निवडलेला असतो. फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनाच्या २१ व ३० घटकांच्या दोन शृंखलांचा संपूर्ण क्रम १९५५ पर्यंत उलगडला, तेव्हा प्रथिनाला ठरावीक क्रम असतो ही गोष्ट प्रथमच प्रत्यक्ष सिद्ध झाली.

या संदर्भात कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत, १९११–९८) यांचे कार्य उल्लेखनीय आहे. लेखिका दुर्गा भागवत यांच्या या भगिनी. त्यांना बंगलोर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९३३ साली प्रवेश मिळाला तो स्त्री असल्यामुळे अटी घालूनच. तेथे त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. केंब्रिज येथे रॉबिन हिल यांच्यासमवेत बटाट्यासारख्या वनस्पतींच्या ऊतकांत (समान कार्य करणाऱ्या पेशींच्या समूहांत) सायटोक्रोम यंत्रणा असल्याचे त्यांनी दाखविले व १९३९ मध्ये पीएच्.डी. पदवी मिळविली. सायटोक्रोम-सी हे पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉनांची ने-आण करणारे प्रथिन असून ते प्राण्यांप्रमाणे वनस्पतींतही असते, या निष्कर्षाचे पूर्ण महत्त्व नंतर कळले. घोड्याच्या हृदयातील सायटोक्रोम-सीचा १०४ ॲमिनो अम्लांचा क्रम १९६१ मध्ये निश्चित झाला. त्यानंतर माणूस, कोंबडी, यीस्ट, गहू अशा अनेक सजीवांतील क्रम ताडून पाहण्यात आले व किती जागी घटक बदलला आहे यावरून १९६७ मध्ये सजीवांची वंशवेल काढण्यात आली. एकवारिकांचा क्रम हा अशा प्रकारे इतिहासाचा दस्तऐवज ठरला.

कडधान्यांवरील संशोधनाचा संबंध रोजच्या ताटाशी आहे. तांदूळ, गहू, ज्वारी यांच्या प्रथिनांत लायसीन हे ॲमिनो अम्ल कमी असते व डाळींत मिथिओनीन कमी असते. शरीराला ही दोन्ही स्वतः बनविता येत नाहीत. एका एकवारिकाचा तुटवडा पडला, तर उरलेली एकोणीस कितीही असली तरी शृंखला तेथेच खुंटते. वरणभात वा भाकरी-पिठले या जोड्यांत एकाची उणीव दुसरा भरून काढतो. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सोहोनी यांनी कडधान्यांतील पचनविरोधी प्रथिने व नीरा यांवर काम केले.

एका घटकाच्या अदलाबदलीने काय होऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हीमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेत १४६ ॲमिनो अम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन आले, तर ऑक्सिजन सोडून दिलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवितात व तांबड्या कोशिका कोयत्याच्या आकाराच्या होतात. हा एका घटकाचा फरक व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६–५७ मध्ये शोधला. कोयता-कोशिका पांडुरोग (सिकल सेल) विदर्भात, तसेच नंदुरबार, गडचिरोली या जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. वेदना, रक्तक्षय व अकाली मृत्यू यांचे मूळ १४६ पैकी एका जागी आहे, हे समजूनही बरीच वर्षे उपचार लक्षणांपुरतेच होते. राष्ट्रीय स्तरावरील निर्मूलन मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली.

न्यूक्लिइक अम्लांत एकवारिके चारच, म्हणून ती स्टार्चासारखी कंटाळवाणी असावीत असा समज होता. फीबस लेव्हीन यांनी चार घटकांच्या एकसारख्या पुनरावृत्तीची कल्पना मांडली होती. आनुवंशिक द्रव्य डीएनए आहे, हे ऑझ्वल्ड एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये दाखविले. अर्विन शारगाफ यांनी चार घटकांची प्रमाणे समान नसल्याचे सिद्ध केले आणि १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक यांनी दुहेरी सर्पिल रचना मांडली. हरगोविंद खोराना यांनी ज्ञात क्रमाच्या शृंखला प्रयोगशाळेत जोडून कोणत्या तीन न्यूक्लिओटाइडांचा अर्थ कोणते ॲमिनो अम्ल, हे ठरविण्यास मोठा हातभार लावला (नोबेल पारितोषिक, १९६८). फिशर यांची शृंखला जोडण्याची रीत येथे भाषा वाचण्याचे साधन बनली.

शृंखलांचा ऱ्हास : निसर्गाने जे सांधे घातले ते तोडणारी एंझाइमेही निसर्गात आहेत. पॉलिएथिलिनासारख्या, केवळ कार्बन-कार्बन बंधांच्या शृंखलांना तशी एंझाइमे जवळजवळ नाहीत. महाराष्ट्र शासनाला मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालावी लागली त्याच्या मुळाशी हेच कारण आहे. उलट सेल्युलोजापासून बनविलेली बहुवारिके फार लवकर बिघडतात. जुन्या चित्रपटांची फिल्म सेल्युलोज नायट्रेटाची असे. ती अत्यंत ज्वालाग्राही असून साठवणीत आपोआप विघटित होते. पुण्यातील नायट्रेट फिल्मांच्या साठ्यास जानेवारी २००३ मध्ये आग लागून अनेक जुने भारतीय चित्रपट नष्ट झाले. नंतरची सेल्युलोज ॲसिटेटाची फिल्म पेटत नाही, पण तीतून ॲसिटिक अम्ल सुटते व तेच अम्ल पुढील विघटन वेगाने घडविते. हाच पदार्थ एके काळी जीर्ण कागदपत्रांवर दोन्ही बाजूंनी चढवीत. राष्ट्रीय अभिलेखागारात ॲसिटोनाच्या साहाय्याने हे काम हाताने करण्याची पद्धत विकसित झाली होती. पुढे तीतील धोका ध्यानात आल्यावर ती मागे पडली.

कागदाचे आयुष्य सेल्युलोजाच्या शृंखलेच्या लांबीवर ठरते. चांगल्या तंतूत प्रत्येक शृंखलेत काही हजार ग्लुकोज घटक असतात. हवेतील बाष्प व अम्ल यांमुळे सांधे अधूनमधून तुटत जातात आणि सरासरी दोनतीनशे घटकांवर आली की कागद घडी घालताच मोडतो. किर्खहोफ यांनी उकळत्या अम्लात काही तासांत घडविलेली क्रियाच येथे थंडपणे, शंभर-दोनशे वर्षांत घडत असते. जुन्नरी कागदाच्या लगद्यात चुना असल्याने अल्प प्रमाणातील अम्ल निष्प्रभ होते. शिवाय मोडी लिखाणाची काजळाची शाई म्हणजे कार्बनच, ती तंतूंवर विक्रिया करीत नाही. यूरोपातील लोह व मायफळ यांची शाई अम्लधर्मी असून ती अक्षरांच्या जागी कागद खाऊन टाकते. एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्याचा, तुरटी व राळ लावलेला यंत्रकागद स्वस्त झाला आणि त्याबरोबर अम्लही कागदात आले. परिणामी अठराव्या शतकातील पेशवे दप्तराचा कागद अजूनही हाताळता येतो आणि त्यानंतर शंभर वर्षांनी छापलेली वृत्तपत्रे हातात भुगा होतात.

अशा कागदाला चुन्याच्या निवळीत अथवा मॅग्नेशियम बायकार्बोनेटाच्या विद्रावात भिजवून त्यातील अम्ल घालविता येते व पुढील झीज मंदावते. जे सांधे आधीच तुटले आहेत ते मात्र जोडता येत नाहीत. ग्लुकोजाला ग्लुकोज जोडून बीटा शृंखला लांबविणारी एंझाइमे वनस्पतीच्या जिवंत पेशीत, तिच्या पटलात बसलेली असतात. कागदातील तंतूंत ती उरलेली नसतात.